दोन हजार एकोणतीस विजय आणि एक न मिळालेली ढाल

यंदा आमच्या जिमखान्याचे सर सेवानिवृत्त झाले. निरोपसमारंभात बोलावयास उठलेल्या प्रत्येक वक्त्याने त्यांच्या कारकिर्दीत महाविद्यालयाला मिळालेल्या ढाली आणि चषक मोजून दाखविले. एका वक्त्याने मोठ्या सद्भावाने असेही सांगितले की, विद्यापीठाचे विजेतेपद मात्र सरांना "दुर्दैवाने" कधी मिळाले नाही. सर त्या वेळी खाली मान घालून हारातल्या झेंडूच्या पाकळ्या खुडीत बसले होते. तीन वर्षे मी त्यांच्या हाताखाली सॉफ्टबॉल खेळलो आहे. तो "दुर्दैवाने" काही केल्या माझ्या मनातून जाईना. प्रशिक्षकाचे आयुष्यभराचे काम कोणत्या मापाने मोजावयाचे, हा प्रश्न घेऊन मी वाचावयास बसलो, आणि सॉफ्टबॉलचा थोरला भाऊ जो बेसबॉल, त्याच्या जन्मभूमीत मला हाच प्रश्न फार मोठ्या आकड्यांत मांडलेला सापडला. त्या माणसाचे नाव माइक मार्टिन.

मार्टिन यांचा जन्म १९४४ सालचा. फ्लोरिडा राज्याची राजधानी टॅलाहासी येथे फ्लोरिडा स्टेट विद्यापीठ आहे. तेथे ते प्रथम खेळाडू म्हणून आले. १९६५ साली त्या विद्यापीठाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्यापर्यंत गेला, त्या संघात ते होते. पुढे व्यावसायिक बेसबॉलच्या खालच्या श्रेणीत त्यांनी थोडे दिवस काढले, पण ते काही जमले नाही. मग शिकविण्याकडे वळले. गंमत अशी की, एका छोट्या कॉलेजात ते चक्क बास्केटबॉल शिकवीत होते! १९७५ च्या सुमारास ते आपल्या जुन्या विद्यापीठात बेसबॉलचे साहाय्यक प्रशिक्षक म्हणून परतले. १९७९ साली डिक हाउजर हे तेथे मुख्य प्रशिक्षक झाले. पण एकच हंगाम काढून ते न्यूयॉर्क यांकीज या व्यावसायिक संघाचे व्यवस्थापक म्हणून निघून गेले. रिकामी झालेली जागा १९८० च्या हंगामासाठी मार्टिन यांना मिळाली. ती त्यांनी २०१९ पर्यंत, म्हणजे चाळीस हंगाम सोडली नाही.

या चाळीस हंगामांत त्यांच्या संघाने २०२९ सामने जिंकले, ७३६ गमावले आणि ४ बरोबरीत सोडविले. शंभर सामन्यांत त्र्याहत्तर विजय, असे हे प्रमाण पडते. अमेरिकन विद्यापीठांच्या पहिल्या श्रेणीच्या बेसबॉलमध्ये इतके विजय दुसऱ्या कोणत्याही प्रशिक्षकाच्या नावावर नाहीत. आधीचा विक्रम ऑगी गॅरिडो यांचा, १९७५ विजयांचा. तो मार्टिन यांनी २०१८ साली मागे टाकला. चाळीसपैकी एकाही हंगामात त्यांचे विजय चाळिसाच्या खाली गेले नाहीत. चाळीसही वर्षे त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेस पात्र ठरला, आणि त्यांतील सतरा वेळा शेवटच्या आठांत, म्हणजे नेब्रास्का राज्यातील ओमाहा या गावी, जाऊन पोचला. १९५० पासून विद्यापीठीय बेसबॉलची ही अखेरची झुंज दर जून महिन्यात ओमाहालाच होते. आपल्याकडे वारकऱ्याला जसे पंढरपूर, तसे तिकडच्या विद्यार्थी-खेळाडूला ओमाहा.

आणि या सतराही वाऱ्यांत विजेतेपद एकदाही मिळाले नाही. १९८६ साली अंतिम सामन्यात ॲरिझोनाने त्यांना १०–२ असे हरविले. १९९९ साली त्यांच्याच राज्यातील मायामी विद्यापीठाने ६–५ असे, एका धावेने हरविले. उरलेल्या पंधरा वेळा अंतिम सामनाही दिसला नाही. गॅरिडो यांनी मात्र दोन विद्यापीठांत मिळून पाच विजेतेपदे मिळविली. त्यांच्याही आधीचे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रॉड डेडो १९८६ साली निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या पदरी अकरा विजेतेपदे होती. या दोघांशेजारी मार्टिन यांना उभे केले की आपल्या निरोपसमारंभातील तो "दुर्दैवाने" लगेच जिभेवर येतो.

हा खरोखर दैवाचा भाग होता काय, हे तपासण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. (कला शाखेच्या वाचकांनी घाबरू नये; मीही कला शाखेचाच आहे.) समजा, ओमाहाला पोचलेले आठही संघ सारख्याच ताकदीचे आहेत. मग एका वर्षी न जिंकण्याची शक्यता सात-अष्टमांश. सतरा वर्षे ओळीने न जिंकण्याची शक्यता काढण्यासाठी सात-अष्टमांशाचा स्वतःशी सतरा वेळा गुणाकार करावा. उत्तर सुमारे एक-दशांश येते. म्हणजे मार्टिन यांच्यासारखे दहा प्रशिक्षक असते, तर त्यांतला एक निव्वळ योगायोगाने रिकाम्या हाताने घरी गेला असता. यात नवल वाटावे असे फारसे काही नाही. मात्र त्यांचा संघ इतरांहून सरस होता असे मानून दर वर्षीची विजयाची शक्यता एक-पंचमांश धरली, तर तेच उत्तर शंभरात दोनवर येते. तेव्हा सगळा दोष दैवावर टाकता येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

उरलेले कारण मला वाटते खेळाच्या घडणीतच आहे. क्रिकेटमध्ये ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू सोडून दिला तर फलंदाजाला काही मिळत नाही, फक्त बाद होण्याचे टळते. बेसबॉलमध्ये तसे नाही. फेकणाऱ्याने, म्हणजे पिचरने, टप्प्याबाहेरचे चार चेंडू टाकले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. याला तिकडे 'वॉक' म्हणतात. फलंदाज खरोखरच चालत जातो. मार्टिन यांचे संघ या सोडून देण्याबद्दल प्रसिद्ध होते. खराब चेंडूला बॅट लावावयाची नाही, पिचरला दमवावयाचे, बेस भरावयाचे आणि मग एका फटक्यात तीन-चार धावा काढावयाच्या. संयमाची ही शेती आहे. साठ-साठ सामन्यांच्या हंगामात ती भरघोस पीक देते, कारण हंगामात समोर येणारे बहुतेक पिचर केव्हा ना केव्हा चुकतातच. ओमाहाला मात्र प्रत्येक संघ आपला सर्वोत्तम पिचर पुढे करतो, आणि तो सहसा चुकत नाही. शिवाय एक चांगला पिचर एका सामन्यात शंभराच्या आसपास चेंडू टाकतो. त्यानंतर त्याच्या खांद्याला कित्येक दिवसांची विश्रांती लागते. ओमाहाला दोन पराभव झाले की संघ बाहेर. पहिलाच सामना हरला की मागच्या दाराने वर येण्यासाठी जास्तीचे सामने खेळावे लागतात, आणि मग पिचर पुरत नाहीत. थोडक्यात, वर्षभर ज्या गुणावर संघ जिंकत आला, तो गुण शेवटच्या आठवड्यात अपुरा पडतो. हा माझा तर्क आहे.

त्या तर्काला मार्टिन यांच्या अखेरच्या हंगामाने फार चांगला पुरावा दिला. २०१९ हा आपला शेवटचा हंगाम, असे त्यांनी २०१८ च्या जूनमध्येच जाहीर केले होते. आपल्याकडे निवृत्तीची तारीख शासन ठरविते. तिथे ती त्यांनी स्वतः, वयाच्या पंचाहत्तरीत ठरविली. पण तो हंगाम काही सरळ गेला नाही. मार्च महिन्यात त्यांचा दोन हजारावा विजय झाला खरा, परंतु संघ अडखळत राहिला. राष्ट्रीय स्पर्धेची यादी निघाली तेव्हा ३६ विजय आणि २१ पराभव अशी स्थिती होती, आणि निवड होते की नाही याचीच लोकांना धास्ती होती. कशीबशी निवड झाली. चाळीस वर्षांची चाळीस-विजयांची परंपरा शेवटच्या वर्षी तुटणार असे दिसू लागले.

मग त्या मुलांनी जॉर्जिया राज्यातील अथेन्सला जाऊन तीन सामन्यांत प्रत्येकी दहा वा अधिक धावा काढल्या. यजमान जॉर्जियाला १२–३ आणि १०–१ असे लागोपाठ दोनदा हरविले. तिथून बॅटन रूज. तेथील लुइझियाना स्टेट विद्यापीठाविरुद्ध पहिला सामना ६–४ असा जिंकला. हाच हंगामातील चाळिसावा विजय. दुसरा सामना नऊ डावांचा बाराव्या डावापर्यंत लांबला आणि ५–४ असा सुटला. म्हातारा सतराव्यांदा ओमाहाला निघाला. तिथे अर्कान्सासवर १–० असा विजय, मग मिशिगनकडून २–० असा पराभव, आणि १९ जून २०१९ रोजी टेक्सस टेककडून ४–१ असा पराभव. संपले. अथेन्सच्या तीन सामन्यांत तिसांहून अधिक धावा काढणाऱ्या संघाने ओमाहाच्या तीन सामन्यांत मिळून दोन धावा काढल्या! चाळीस वर्षांची कथा त्या तीन आठवड्यांत जणू पुन्हा एकदा, लहान आकारात घडली.

येथपर्यंत मी ढालींचाच हिशोब करीत आलो, आणि वक्त्यांना नावे ठेवता ठेवता त्यांच्याच पंगतीत बसलो, हे माझ्या ध्यानात आले आहे. म्हणून दुसऱ्या बाजूकडे वळतो.

विद्यापीठीय प्रशिक्षकाची खरी अडचण अशी की त्याचा संघ कधीच त्याचा राहत नाही. अमेरिकेत चार वर्षांच्या महाविद्यालयात दाखल झालेल्या खेळाडूला साधारणपणे तिसरे वर्ष संपताच व्यावसायिक संघ उचलू शकतात. म्हणजे मुलगा शिकून तयार झाला की गेलाच. चाळीस वर्षांत असे तेरा-चौदा वेळा अख्खा संघ नव्याने उभा करावा लागला. त्यातही पैशाची तंगी. आपल्याला वाटते, अमेरिकेत काय, डॉलरच डॉलर! पण मार्टिन यांच्या उत्तरकाळात नियमाने बेसबॉलच्या एका संघास पूर्ण शिष्यवृत्त्या मिळत फक्त ११.७. हा दशांश छापण्याची चूक नव्हे. त्या पावणेबारा शिष्यवृत्त्यांचे तुकडे करून जास्तीत जास्त सत्तावीस मुलांत वाटावयाचे. कोणाला निम्मी फी, कोणाला पाव. घरोघर जाऊन आईबापांना पाव शिष्यवृत्तीवर राजी करणे हेही प्रशिक्षकाचेच काम. आमच्या सरांना नव्या ग्लोव्हजसाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजविताना मी पाहिले आहे. तेव्हा हा दशांश वाचून मला त्या परक्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

आणि मुलगा ओळखणे. बस्टर पोझी हा मुलगा २००६ साली पहिल्या वर्षाला शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, म्हणून खेळत होता. चांगला खेळत होता. दुसऱ्या वर्षी त्याला तेथून काढून कॅचर केले, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखे फलंदाजाच्या मागे बसविले. जमलेल्या जागेवरून खेळाडूला उठविण्यास धैर्य लागते. बिघडले तर शिव्या प्रशिक्षकाला. २००८ च्या मे महिन्यात एका सामन्यात तो गंमत म्हणून मैदानावरील नऊच्या नऊ जागांवर खेळला, आणि त्या वर्षी देशातील सर्वोत्तम हौशी खेळाडूचा गोल्डन स्पाइक्स पुरस्कार त्याला मिळाला. पुढे सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या व्यावसायिक संघाने २०१०, २०१२ आणि २०१४ साली वर्ल्ड सिरीज जिंकली, तिन्ही वेळा फलंदाजाच्या मागे पोझीच बसलेला होता. गुरूला न मिळालेले शिष्याला मिळाले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ती ढाल वेगळी आणि ही वेगळी.

मार्टिन निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी त्यांचा मुलगा आला. तीन हंगामांनंतर, २०२२ साली, विद्यापीठाने त्याला दूर केले. मोठ्या झाडाखाली वाढलेल्यांचे असे होते, असे कोणी म्हणेल. मला ते बोलणे सोपे वाटते, कारण २०२० चा हंगाम तर साथीने अर्ध्यावरच बंद पडला होता. मुलानंतर लिंक जॅरेट यांना बोलावण्यात आले. हे जॅरेट नव्वदीच्या दशकाच्या आरंभी मार्टिन यांच्याच हाताखाली शॉर्टस्टॉप खेळलेले, त्यांच्याबरोबर ओमाहाला जाऊन रिकाम्या हाताने आलेले. २०२३ च्या त्यांच्या पहिल्याच हंगामात संघाने २३ सामने जिंकले आणि ३१ गमावले. चाळिसाची सवय लागलेल्या टॅलाहासीला हे पचणे कठीण गेले असेल. मैदानाला तर मार्टिन यांचेच नाव आहे. त्यांच्याच नावाच्या मैदानावर ते पराभव होत होते. मार्टिन त्या वेळी स्मृती हरविणाऱ्या विकाराने आजारी होते. १ फेब्रुवारी २०२४ रोजी, ऐंशीव्या वाढदिवसाला अकरा दिवस उरले असताना, ते वारले. अकरा हाच त्यांच्या गणवेशावरचा आकडा. लोक त्यांना "इलेव्हन" याच नावाने हाक मारीत.

त्याच जूनमध्ये जॅरेट यांचा संघ ओमाहाला पोचला. पहिला सामना टेनेसीशी होता. शेवटचा डाव सुरू झाला तेव्हा फ्लोरिडा स्टेट ११–८ असे पुढे होते. टेनेसीने त्या डावात चार धावा काढल्या. आमच्या सरांना मी हे सारे सांगितले, तेव्हा ते जिमखान्याच्या किल्ल्या नव्या सरांच्या हवाली करण्यासाठी आले होते. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "शेवटच्या डावात पिचर कितवा होता रे त्यांचा?"