क्रोटनला कात्री कधी लावावी?

प्रश्न : गॅलरीतल्या कुंडीतला क्रोटन पाच फूट उंच झाला आहे. खाली नुसती काठी आणि शेंड्याला तेवढा पानांचा झुपका. छाटला तर मरेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मरणार नाही, उलट छाटल्याशिवाय तो खालून भरणार नाही. शेंडा वाढत असतो तोवर खालचे डोळे निजलेले राहतात, शेंडा काढला की ते फुटतात. क्रोटन मूळचा मलेशिया-इंडोनेशियाकडचा, उबेत आणि दमट हवेत जोमाने वाढणारा. म्हणून थंडीत कात्री नको. फेब्रुवारीअखेर छाटा किंवा पाऊस स्थिरावल्यावर. माझी पसंती पावसाळ्यालाच, कारण कापलेले शेंडेही तेव्हा सहज मुळे धरतात. पाच-सहा इंचांचे तुकडे ओलसर कोकोपीटमध्ये खोचून सावलीत ठेवा.

एका वेळी एक तृतीयांशच उंची कमी करा, बाकीची पुढच्या हंगामात. धारदार कात्री स्पिरिटने पुसून डोळ्याच्या जरा वर काप द्या. पांढरा चीक येईल. त्याने कातडीला खाज सुटते, कपड्यांवर डाग पडतात, तेव्हा हातमोजे घालाच आणि लहान मुलांना दूर ठेवा.

छाटणीनंतर पाने कमी, म्हणजे पाण्याची गरजही कमी. काळजीपोटी रोज पाणी घालून मुळे कुजवू नका. वरची माती सुकली की मगच घाला. खत नवी फूट दिसल्यावर. कुंडी मात्र भरपूर उजेडात सरकवा, नाहीतर नव्या पानांवर लाल-पिवळा रंग चढणार नाही.