उणे ७८ अंशांच्या वड्या

अकोल्यात ड्राय आइस, म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. मोठ्या शहरातून थर्माकोलच्या खोक्यात घालून ट्रॅव्हल्सच्या गाडीने मागवला, तर रात्रभरात त्यातला बराचसा उडून जातो आणि पैसे मात्र पूर्ण वजनाचे मोजावे लागतात. शाळेच्या विज्ञान छंद मंडळासाठी मला लागतो पाव किलोच्या आतबाहेर, तोही मुलं जमली की लगेच. म्हणून सिलिंडरच्या तोंडाला लावून ड्राय आइस पाडायचं छोटं यंत्र घेतलं. एक बारीक नोझल आणि झाकणाचा जाड प्लॅस्टिकचा डबा, बस्स. द्रवरूप कार्बन डायऑक्साइड नोझलमधून सुटतो, दाब एकदम पडतो, थोडा भाग गोठून भुसभुशीत हिम होतो आणि उरलेला वायू डब्याच्या छिद्रांतून निघून जातो. मिनिटभरात वडी तयार. यंत्राबद्दल सांगण्यासारखं एवढंच. बाकी सगळा खेळ सिलिंडरचा आहे.

१. सिलिंडर सायफन नळीचाच घ्या. आमच्याकडे हा गॅस वेल्डिंगवाले आणि सोडावाले नेतात. त्यांना वायू हवा असतो, म्हणून साध्या सिलिंडरमधून वरचा वायूच बाहेर येतो. आपल्याला हवा तळातला द्रव. त्यासाठी आत तळापर्यंत गेलेली नळी लागते. एजन्सीवाल्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ‘‘सर, वेल्डिंग करून राहिले का तुम्ही?’’ बर्फ म्हटल्यावर तो हसला, पण सायफनचा सिलिंडर त्याने बरोबर शोधून दिला. साधा सिलिंडर उलटा टांगून काम भागतं असं सांगणारे भेटतात. पोलादाचं एवढं धूड व्हॉल्व्हवर उलटं तोलून धरायची हौस मला नाही. आणि मध्ये रेग्युलेटर लावू नका. द्रव थेट नोझलपर्यंत पोचायला हवा.

२. दाबाच्या मीटरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. आत द्रवाचा थेंब असेपर्यंत काटा जागचा हलत नाही. २० अंशांना साधारण ५७ बार, सिलिंडर भरलेला असो की तळाला गेलेला. काटा खरं तर तापमान सांगतो. माल किती उरला ते वजनकाट्यालाच विचारायचं. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या मानेवर ठोकलेलं असतं, ते वजा करा. घेतानाही एजन्सीतच वजन करून घ्या, आणि चाचणीची तारीख बघा.

३. हा मुद्दा पुण्या-नाशिकच्या माणसाला कदाचित जाणवणार नाही, पण वऱ्हाडात सगळं गणित त्याच्यावर आहे. कार्बन डायऑक्साइड ३१.१ अंशांच्या वर द्रव राहतच नाही, कितीही दाबा. आत जे असतं ते धड द्रवही नसतं आणि धड वायूही. अकोल्याचा मे महिना ४५ अंशांचा. त्या दिवसांत दुपारी कॉक उघडला की फुस्स आवाज जोरदार येतो आणि डब्यात चिमूटभर पांढरी पूड. यंत्र नादुरुस्त नसतं. आत गोठण्याजोगा द्रवच उरलेला नसतो.

आकडे बोलके आहेत. २० अंशांच्या द्रवातून हिशेबाने ३० टक्क्यांच्या आतच हिम पडतं, ३० अंशांना जेमतेम २०. डिसेंबरातल्या पहाटे सिलिंडर १२ अंशांवर असेल तर तिसरा हिस्सा. कारखाने द्रव आधीच उणे २० च्या आसपास थंड ठेवतात, म्हणून त्यांचा जवळजवळ निम्मा माल गोठतो. उरलेला वायूही गोळा करून पुन्हा द्रव करता येतो. घरी तो गेला तो गेला. उन्हाळ्यातली माझी तोड अस्सल वऱ्हाडी आहे: सिलिंडर साखळीने खांबाला बांधायचा, ओलं गोणपाट गुंडाळायचं, रात्रभर कूलरसमोर ठेवायचा आणि पहाटेच वड्या पाडायच्या. आमच्या कोरड्या हवेत ओलं गोणपाट जे काम करतं, ते मुंबईच्या दमट हवेत करणार नाही.

४. दारं-खिडक्या उघड्या वगैरे सल्ला पुरेसा नाही. सरळ गच्चीवर जा. किलोभर हिमासाठी पाच किलो गॅस सोडला, तर चार किलो, म्हणजे सुमारे २,२०० लिटर, तिथेच पसरतो. दहा बाय दहाच्या बंद खोलीत हे प्रमाण आठ टक्क्यांच्या घरात जातं. चार टक्क्यांनाच जिवाला धोका मानतात. हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तो खाली साचतो, आणि आपल्या घरांत जमिनीवर कोण असतं? रांगतं मूल, मांजर, गादीवर झोपलेले आजोबा.

५. हिम उडताना स्थिर वीज तयार होते. डब्याजवळ हात नेला की मनगटावरचे केस उभे राहतात, कधी चटकाही बसतो. क्लाउड चेंबरसाठी (अदृश्य कणांची वाट दाखवणारी पेटी, तिच्याबद्दल पुढे) लागणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल तेव्हा गच्चीपासून दूर, खाली खोलीत, बूच लावून. १९५४ साली जर्मनीतल्या बिटबुर्गला विमानाच्या इंधनाच्या टाकीत अशाच हिमाचा फवारा सोडला गेला आणि स्फोट झाला. आग विझवायची यंत्रणाच तपासत होते ते.

६. यंत्राची वडी कापरासारखी दिसते, नखाने कोरता येईल इतकी हलकी. नखाने कोरू मात्र नका. कातडी हातमोजे, तेही कोरडे, किंवा लाकडी चिमटा. स्टीलचा चमचा दाबला की ती किंचाळते. मुलांचा हा सर्वांत आवडता प्रयोग. साठवायचा विचार सोडा. घट्ट झाकणाचा डबा फुटतो, आणि घरचा फ्रीझर उणे १८ चा, म्हणजे तिच्यापेक्षा साठ अंशांनी गरम. लागेल तेव्हाच पाडायची. सरबतात वगैरे तर नाहीच. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका उपाहारगृहात मुखवास समजून ग्राहकांनी ड्राय आइस तोंडात टाकला आणि रक्ताच्या उलट्या झाल्या.

७. एवढा खटाटोप कशासाठी? क्लाउड चेंबरसाठी. काळ्या पत्र्याखाली वड्या मांडायच्या, वर काचेची पेटी उपडी, तिच्या माथ्याला अल्कोहोलने भिजवलेला फेल्टचा तुकडा, बाजूने टॉर्च, खोलीत अंधार. (वड्या पाव किलोच असल्या तरी खिडकी उघडी आणि पडदा ओढलेला.) दहाएक मिनिटं नुसती धुक्याची रिमझिम दिसते आणि पोरं चुळबुळ करू लागतात. मग पत्र्यालगत एक पांढरा धागा उमटतो आणि विरतो. सरळ, बारीक धागा बहुधा वैश्विक किरणांतून येणाऱ्या म्युऑन कणाचा; वेडावाकडा इलेक्ट्रॉनचा. पेट्रोमॅक्सची जुनी, न वापरलेली थोरियमची जाळी आत ठेवली तर तिच्यापासून आखूड, जाड रेघा फुटतात, त्या अल्फा कणांच्या. तळहाताएवढ्या जागेतून मिनिटाला शंभरेक म्युऑन आरपार जातात हे पुस्तकात वाचून कोणी ढिम्म हलत नाही. इथे नववीतली पोरगी स्वतःचा हात पेटीवर धरते आणि विचारते, ‘‘सर, माझ्या हातातूनबी जाऊन राहिले का हे?’’

८. गॅदरिंगला नाही म्हणायला शिका. यंत्र आहे हे कळलं की डिसेंबरात नाटकवाले येतातच. इंद्राचा दरबार, आणि त्यात ढग हवेत. गरम पाण्यात ड्राय आइस टाकला की सुंदर धूर लोळतो, खरं आहे. तो धूर पाण्याच्या सूक्ष्म थेंबांचा असतो आणि त्याच्याबरोबर न दिसणारा गॅसही लोळतो, नेमका मांडी घालून बसलेल्या देवगणांच्या नाकाच्या उंचीवर. रंगमंच भरायचा तर वड्या किलोंनी लागतील आणि अख्खा सिलिंडर उडेल. फेब्रुवारी २०२० मध्ये मॉस्कोत एका पार्टीत धुरासाठी तरणतलावात पंचवीसेक किलो ड्राय आइस ओतला आणि तिघं दगावले. हे सांगितल्यावर आमच्या दिग्दर्शक मॅडम क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘थोडासाच टाका ना, सर.’’ मी त्यांना मंडपवाल्याचा नंबर दिला. त्याच्याकडे धुराचं मशीन भाड्याने मिळतं.