खिशातला जुना चाकू : सफाई, धार आणि निगा

आपल्या कारागीर व व्यापारी बांधवांच्या खिशात किंवा गल्ल्याच्या कप्प्यात एक घडीचा चाकू हमखास असतो. बारामतीच्या मंडईतला बागवान त्याने पेरू व डाळिंब कापून गिऱ्हाइकाला दाखवतो. तांबोळी पानांचे देठ खुडतो, गादीवाला टाके उसवतो, वायरमन वायरीचे कवच सोलतो आणि भिगवण व इंदापूरच्या मासळी बाजारात त्याच चाकूने खोक्यांच्या दोऱ्या तुटतात. दिवसातून पन्नास वेळा हातात येणारी ही वस्तू. पण तिची निगा राखणारा माणूस शोधूनच काढावा लागेल. पाते काळे पडलेले, खिळ्यात कचरा भरलेला, धार दाताळलेली, आणि उघडताना नख तुटते अशी बहुतेक चाकूंची अवस्था असते. मग "जुना झाला" म्हणून तो फेकला जातो व बाजारातून चकचकीत पण हलका चाकू येतो, जो महिनाभर टिकत नाही. वास्तविक जुन्या चाकूचे पोलाद पुष्कळदा चांगले असते. एखाद्या दुपारी दोन तास दिले तर तो पुन्हा कामाला येतो.

बोथट चाकू सुरक्षित असतो हा मोठा गैरसमज आहे. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, जोर लावला की पाते घसरते आणि घसरलेले पाते डाव्या हातात शिरते. हाताला टाके पडले की रोजावर काम करणाऱ्या माणसाची आठ-दहा दिवसांची कमाई गेलीच.

हत्याराला धार ठेवणे ही आपल्याकडे नुसती सोयीची बाब मानलेली नाही. सहीह मुस्लिममध्ये हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय असा की, अल्लाहने प्रत्येक कामात उत्तमपणा आवश्यक ठरवला आहे, आणि जबह करणाऱ्याने आपली सुरी धारदार करून जनावराला त्रास होऊ देऊ नये. आपले मुलाणी व कुरेशी बांधव हे जाणतातच. प्रत्येक कामात असे म्हटले आहे, तेव्हा पेरू कापणाऱ्यालाही ते लागू आहे असे आम्हांस वाटते.

आधी पोलाद ओळखा

चाकू साफ करण्यापूर्वी तो कोणत्या लोखंडाचा आहे हे पाहावे. लिंबू किंवा कैरी कापून पाते दहा मिनिटे तसेच ठेवावे. काळसर-निळसर डाग पडला तर ते साधे पोलाद, कारागीर ज्याला कच्चे किंवा गंजणारे लोखंड म्हणतात ते. डाग न पडला तर स्टेनलेस. स्टेनलेस पोलादाचे श्रेय साधारणपणे इंग्लंडमधील शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांना १९१३ सालासाठी दिले जाते. त्याआधीचे जगातले सारे चाकू गंजणारेच होते आणि त्यांच्यावर सगळ्यांची कामे चालत होती. साध्या पोलादाला धार लवकर व बारीक लागते. मात्र ते ओले ठेवून चालत नाही.

डाळिंबाच्या व्यापाऱ्यांचे पाते इतरांपेक्षा जास्त काळे का पडते, असे अनेकजण विचारतात. डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर असते, त्याचा लोखंडाशी संयोग झाला की काळा रंग तयार होतो. याच गुणामुळे ही साल काळ्या रंगाच्या कामात पूर्वापार वापरली गेली. पानाच्या दुकानातील काताचेही तेच. हा काळेपणा म्हणजे गंज नव्हे. पात्यावर एकसारखा राखाडी-काळा थर बसला असेल तर तो घासून काढण्याचा हट्ट धरू नये, उलट त्याने थोडे संरक्षणच होते. तांबूस, हाताला खरखरीत लागणारा, बोटाला रंग सोडणारा तो गंज. तोच काढायचा.

सफाई

प्रथम चाकू पूर्ण उघडून खिळ्यात आणि कमानीच्या फटीत काय साचले आहे ते उजेडात पाहावे. फळांचा वाळलेला रस, खिशातला सूत-कचरा आणि जुने घट्ट झालेले तेल यांचा तेथे लगदा झालेला असतो. बाभळीचा काटा किंवा टोकदार केलेली बांबूची काडी घेऊन तो कोरून काढावा. सुई किंवा खिळा वापरू नये, आतून ओरखडे पडतात. नंतर जुन्या दातांच्या ब्रशने थोडे रॉकेल किंवा डिझेल लावून चाकू वीस-पंचवीस वेळा उघडझाप करावा. काळे पाणी येणे थांबेपर्यंत पुसत राहावे. रॉकेल आता पूर्वीसारखे सहज मिळत नाही, डिझेलने काम भागते. हे काम चुलीजवळ किंवा विडी ओढत करू नये, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

मूठ लाकडाची, शिंगाची किंवा हाडाची असेल तर चाकू रात्रभर कशातही बुडवून ठेवू नये. शिंग फुगते, वाळताना वाकते आणि पट्टी खिळ्यापासून सुटते. अशी मूठ ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करावी. पितळी पट्ट्यांना चिंच चालते, पण चिंचेचे पाणी पात्यावर राहू देऊ नये.

गंजासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा बारीक पॉलिश पेपर, ४०० नंबरचा व त्यानंतर ६०० चा, तेलात भिजवून पात्याच्या लांबीच्या दिशेने घासावा. गोल गोल घासू नये. गंज खोल असेल तर पात्याला सिरक्यात भिजवलेले फडके दहा-पंधरा मिनिटे गुंडाळून ठेवावे, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन ताबडतोब कोरडे करावे. सिरका जास्त वेळ राहिला तर चांगले पोलादही खातो. गंजाने पडलेले खड्डे मात्र भरून येत नाहीत. ते काढण्याच्या नादात पाते पातळ करू नये. खड्डे पाठीकडे असतील तर त्यांनी कामात काही बिघडत नाही.

तेल कोणते?

येथे आपल्याकडे सर्वांत जास्त चूक होते. घरात जे तेल असेल ते खिळ्यात सोडले जाते. इंदापूरच्या कोरडवाहू भागात करडई पिकते, तिचे तेल घरात असते. पण करडईचे तेल हवेने वाळते आणि चिकट होते. दोन महिन्यांनी चाकू डिंक लावल्यासारखा उघडतो. शेंगदाण्याचे तेलही कालांतराने खवट व घट्ट होते. खिळ्यासाठी शिलाई मशीनचे तेल एक थेंब, फक्त एक थेंब, पुरते. जास्तीचे तेल खिशातला कचरा धरून ठेवते. ज्या पात्याने फळ किंवा खाण्याचा पदार्थ कापायचा त्यावर खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवावा. औषधाच्या दुकानातील लिक्विड पॅराफिनही उत्तम, ते खवटत नाही.

धार

धार लावण्यासाठी दोन बाजूंचा, एकीकडे जाडा व दुसरीकडे बारीक असा कार्बोरंडमचा दगड घ्यावा. ओटा किंवा पायरीचा दगड गावोगाव वापरतात. त्याने धार उठते, पण ती करवतीसारखी असते व लवकर पडते.

खरी अडचण कोनाची असते. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. कागदाचा काटकोनी कोपरा घेऊन त्याची मधोमध घडी घालावी, मग पुन्हा एकदा मधोमध घडी घालावी. जो कोन राहतो तो साडेबावीस अंशांचा. तो दगडावर उभा धरून पाते त्याच्याइतके तिरपे करावे आणि हाताला ती सवय लागू द्यावी. रोजच्या कामाच्या चाकूला वीस अंशांच्या आसपासचा कोन ठीक. दोर व खोकी कापणाऱ्याने किंचित जास्त ठेवावा, नुसती फळे कापणाऱ्याने किंचित कमी.

दगड पाण्याने ओला करून, जणू दगडाची पातळ साल काढायची आहे अशा रीतीने, पाते मुळापासून टोकापर्यंत ओढावे. जोर नको. एका बाजूने घासत राहिल्यावर दुसऱ्या बाजूच्या कडेला बोट आडवे फिरवले असता बारीक खरखर लागते. फिटर व टर्नर लोक तिला बर म्हणतात. ही बर मुळापासून टोकापर्यंत सलग आली म्हणजे एक बाजू झाली. मगच पाते उलटावे. बर येण्याआधीच बाजू बदलणे हे धार न लागण्याचे मुख्य कारण आहे. नंतर बारीक बाजूवर दोन्हीकडून आळीपाळीने, वजन कमी करत, आठ-दहा हात द्यावेत. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या उलट्या बाजूवर पाते पाठीच्या दिशेने ओढावे, न्हावी वस्तऱ्याला ओढतो तसे. वर्तमानपत्राचा कागद हातात धरून कापावा, अडकला तर त्या जागी बर राहिली आहे असे समजावे. अंगठा धारेवर ओढून परीक्षा घेणाऱ्यांचे अंगठे आम्ही पाहिले आहेत.

रोज दुकान उघडताना पट्ट्यावर दहा हात मारले तर दगडाची गरज महिन्यातून एक-दोनदाच पडते.

विजेच्या वेगवान चाकावर चाकू देताना मात्र विचार करावा. आमचा एक चांगला जुना चाकू घाईत अशाच एका चाकावर दिला होता; दोन मिनिटांत चकाकत परत आला, आणि कडेला निळी झाक होती. पोलाद तापले की आधी पिवळे, मग तपकिरी, जांभळे व निळे होते. निळा रंग सुमारे ३०० अंश सेल्सिअसला येतो. लोहार पाजतो ते पाणी तेथे उतरते. मग कितीही धार लावा, दुपारपर्यंत ती पडते. चाकावर द्यायचेच असेल तर समोर उभे राहावे आणि दर दोन हातांनी पाते पाण्यात बुडवायला सांगावे. सायकलच्या पायट्यावर चाक फिरवत गल्लोगल्ली येणारा धारवाला या बाबतीत बरा, कारण त्याचे चाक हळू फिरते.

शिकलगार हे आडनाव पश्चिम महाराष्ट्रातील अनेक मुस्लिम घराण्यांत आहे. ते फारसी सैकलगर या शब्दावरून आले, म्हणजे शस्त्रांना जिल्हई देणारा. नांदेडकडे शीख शिकलगारही आहेत. हिंदुस्थानच्या पोलादाची कीर्ती अशी होती की अरबीत त्या पोलादाच्या तलवारीला मुहन्नद असे नावच पडले. आज या घराण्यांतील कितीतरी मुले हा हुन्नर न शिकता दुसरीकडे जातात. ज्या गावात जुना शिकलगार अजून बसतो, तेथील पोरांनी त्याच्याजवळ चार रविवार बसून पाहावे.

बागेतून बागेत जाणाऱ्यांसाठी

ही गोष्ट बागवान बांधवांनी विशेष लक्षपूर्वक वाचावी. डाळिंबाचा सौदा करताना आपण एका बागेत फळ कापून दाणे पाहतो, चाकू पँटीला पुसतो आणि तासाभराने दुसऱ्या बागेत तोच चाकू चालवतो. डाळिंबावरील तेल्या हा रोग जिवाणूंचा आहे. पानांवर व फळांवर तेलकट डाग पडतात, फळ तडकते आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. छाटणीच्या कात्र्यांमधून तो पसरतो म्हणून त्या २.५ टक्के सोडियम हायपोक्लोराईटच्या द्रावणात बुडवण्याची शिफारस शेतकऱ्यांना केली जाते. व्यापाऱ्याचा चाकू काही वेगळ्या लोखंडाचा नाही. ज्या शेतकऱ्याच्या मालावर आपला धंदा उभा आहे, त्याची बाग आपल्या खिशातून आजारी पडावी हे बरे नव्हे. पात्याला द्रावणाच्या फडक्याने पुसावे, पण ते द्रावण लोखंडाला झपाट्याने गंजवते, म्हणून लगेच साध्या पाण्याने धुऊन, कोरडे करून तेलाचा हात द्यावा. हे द्रावण आणि सिरका किंवा चिंच कधीही एकत्र येऊ देऊ नयेत, विषारी वायू सुटतो.

मासळीचा चाकू आणि फळाचा चाकू वेगळा असावा. घडीच्या चाकूच्या खिळ्यात शिरलेली घाण नुसत्या धुण्याने निघत नाही.

दुरुस्ती आणि कायदा

पाते डावीकडे-उजवीकडे हलत असेल तर खिळा सैल आहे. ऐरणीवर ठेवून लहान हातोडीने खिळ्याच्या डोक्यावर हलके ठोके द्यावेत, दर दोन ठोक्यांनी उघडून पाहावे. जास्त आवळला तर फटीत कागद सरकवून उघडझाप करावी. परंतु कमान सैल झाली असेल, पाते आपोआप बोटांवर मिटत असेल, तर त्या चाकूचा मोह सोडावा. चांगली कमान घालून देणारा कारागीर मिळाला तर ठीक, नाहीतर तो काढून टाकावा.

शेवटी एक गोष्ट तरुणांसाठी. बटण दाबताच उघडणारा चाकू कामाला निकृष्ट असतो आणि अंगावर सापडला तर उत्तर देणे अवघड जाते. शस्त्र अधिनियम १९५९ खालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेती, शास्त्रीय व औद्योगिक कामाचे त्यातून वगळलेले आहेत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली सणासुदीला किंवा तणावाच्या वेळी मनाई आदेश निघतो, तेव्हा लहान चाकू बाळगण्यासही बंदी येऊ शकते. असा आदेश वर्तमानपत्रात वाचला की चाकू दुकानात ठेवून घरी यावे. एरवीही तो कामाच्या पिशवीत, हत्यारांबरोबर असावा; मिरवणुकीत, कचेरीत किंवा लग्नाच्या गर्दीत त्याचे काही काम नसते. पाते तीन इंचांचे असले तरी पेरू, पान, दोरी आणि वायर या सर्वांना ते पुरते.