जनावर नेणाऱ्या पिकअपचा तळ आणि मॅट : वरून चांगलं दिसतं, खालून कुजतं



*पशुधन पाठ. विषय : हौद्याचा तळ आणि रबर मॅटची निगा*

पावसाळा संपला की बाजार आणि यात्रांचे दिवस सुरू होतात. मार्गशीर्षात सारंगखेड्याला घोडे जातात, माळेगावला घोडे, बैल, गाढवं जातात. दर आठवड्याला गाई-म्हशींची ने-आण असतेच. गाडीत चढवताना आपण दोर बघतो, फाळक्याची कडी बघतो, टायरची हवा बघतो. जनावर ज्याच्यावर उभं राहणार तो तळ मात्र मॅटखाली झाकलेला असतो, म्हणून बघायचा राहून जातो.

ब्रेक लागला, वळण आलं की जनावर चारही पाय रोवून तोल सांभाळतं. अशा वेळी पाय घसरला तर मागचे दोन्ही पाय फाकतात आणि खुबा निखळतो. फळी मोडली तर पाय आरपार खाली रस्त्यावर जातो. असं जनावर पुन्हा उभं राहीलच याची खात्री कोणताही डॉक्टर देत नाही. गाभण गाय असेल तर दोन जीवांचा प्रश्न. म्हणून हा पाठ नीट वाचा.

*१) तळ खराब कशाने होतो?*

मूत्रात क्षार असतात. शेणात मुरलेलं मूत्र सडलं की अमोनिया तयार होतो. हा ओला थर मॅटखाली दबून बसतो, तिथे ना वारा ना ऊन. लोखंडी पत्र्याचा रंग आधी फुगतो, मग सुटतो, मग गंज धरतो. लाकडी फळी खालच्या अंगाने कुजते, वरून मात्र शाबूत दिसते. अ‍ॅल्युमिनियमला लाल गंज येत नाही, पण पांढरी पूड धरून त्यालाही बारीक खड्डे पडतात. म्हणजे मॅट पायाला आधार देते आणि रोग झाकतेसुद्धा. *मॅट उचलल्याशिवाय तळ कळत नाही.*

*२) प्रत्येक फेरीनंतर*

▪️ गाडीचं तोंड चढाला ठेवून उभी करा. पाणी आपोआप फाळक्याकडे येतं.
▪️ आधी खोऱ्याने शेण कोरडं ओढून काढा, ते उकिरड्यावर टाका. थेट पाणी मारलं तर शेण पन्हाळीत आणि सांध्यांत जाऊन बसतं.
▪️ मॅट उचला. खालचा तळ आणि मॅटची *खालची बाजू* दोन्ही ब्रशने घासून धुवा.
▪️ पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. सगळ्यात जास्त गंज ही भोकं तुंबली की धरतो.
▪️ मॅट फाळक्यावर किंवा भिंतीला टेकवून सावलीत वाळवा. सतत कडक उन्हात रबर तडकतं.
▪️ तळ पूर्ण कोरडा झाल्यावरच मॅट परत टाका. रात्री उशीर झाला असेल तर निदान मॅट दुमडून तळ उघडा ठेवा.

*३) बाजारातून आल्यावर निर्जंतुक करणं*

लाळ्या-खुरकूत गाडीच्या तळातूनही गोठ्यात येतो. तळ आणि मॅट स्वच्छ धुऊन झाल्यावर धुण्याच्या सोड्याचं ४ टक्के द्रावण मारा, म्हणजे *१० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम सोडा.* अर्धा तास राहू द्या, मग साध्या पाण्याने धुवा. हौदा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका, सोडा त्याला खातो. शेण तसंच ठेवून वर औषध मारलं तर उपयोग होत नाही.

⚠️ शेण-मूत असलेल्या तळावर ब्लीचिंग पावडर टाकू नका, अ‍ॅसिडमध्ये तर अजिबात मिसळू नका. विषारी वायू तयार होतो. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत काम करा.

*४) महिन्यातून एकदा तपासणी*

*लोखंडी तळ :* हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा ठीक. बद्द आवाज आला तर खाली गंजाची पापुद्री आहे. कोपरे, पन्हाळी आणि चाकावरचा भाग जास्त बघा.

*लाकडी तळ :* पेचकसाचं टोक दाबून बघा. सहज आत रुतलं तर ती फळी गेली. खिळे-बोल्ट वर आलेत का, तेही पाहा.

*गाडीखालून :* टॉर्च घेऊन बघा. तळ ज्या आडव्या पट्ट्यांवर टेकतो त्या पट्ट्या गंजल्या असतील तर वरचा नवा पत्रा काही कामाचा नाही.

*मॅट :* कडा वळल्या का, चिरा पडल्या का, वरची नक्षी झिजून गुळगुळीत झाली का? बादलीभर पाणी ओतून टाच घासून बघा. तुमचा पाय घसरला तर जनावराचाही घसरणार. नाल मारलेल्या घोड्या-बैलांच्या गाडीत मॅट लवकर कापली जाते, त्यांनी ही तपासणी दर पंधरा दिवसांनी करावी.

*५) दुरुस्ती करताना*

▪️ थोडा गंज : तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साईड, वाळल्यावर रंगाचे दोन हात.
▪️ भोक किंवा मऊ पत्रा : कुजलेला भाग घट्ट लोखंड लागेपर्यंत कापून मगच नवा पत्रा जोडा. वरून पातळ पत्रा ठोकून खड्डा झाकणं म्हणजे सापळा लावणं.
▪️ वेल्डिंगआधी मॅट, पेंढा, पाचट सगळं बाहेर काढा आणि बॅटरीची वायर सोडा.
▪️ कुजलेली फळी पूर्ण बदला. प्लायवूड लावू नका, ओलीने त्याचे थर सुटतात.
▪️ *जळकं ऑइल तळाला फासू नका.* गंज थांबेल असं वाटतं, पण तळ निसरडा होतो आणि रबर फुगून मऊ पडतं. डिझेल-रॉकेलनेही मॅट पुसू नका.

*६) मॅट घेताना*

१७ मिमी जाडीची ६ × ४ फुटी मॅट ४०-५० किलोच्या आसपास भरते. एकट्या माणसाला उचलता आली नाही तर ती कधीच धुतली जाणार नाही. म्हणून दोन-तीन तुकड्यांत घ्या. तुकडे कडेला कड भिडवून, भिंतीपर्यंत पोचतील असे कापून घ्या. मध्ये फट राहिली तर खूर अडकतं, मॅट सैल राहिली तर ब्रेकला सरकते.

जुना कन्व्हेयर बेल्ट स्वस्त मिळतो, पण ओला झाला की गुळगुळीत होतो आणि काहींमधून तारा बाहेर येतात. घेणारच असाल तर तारा नसलेला घ्या आणि वर काथ्याची चटई टाका. नुसत्या गुळगुळीत पत्र्यावर पेंढा पसरून भागत नाही, पेंढाच पायाखालून सरकतो. आधी मॅट किंवा काथ्या, मग त्यावर पेंढा-पाचट. याने मूत्रही शोषलं जातं.

लक्षात ठेवा, जनावर वाहतूक नियम, १९७८ प्रमाणे साध्या मालवाहू गाडीत गाई-बैल नेताना तळावर काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्यांसारखं न घसरणारं साहित्य असणं बंधनकारक आहे. त्याच गाडीत जनावरांसोबत दुसरा माल भरायला मनाई आहे.

*७) गाडी भाड्याची असेल तर*

जनावर चढवण्याआधी ड्रायव्हरला सांगा, "दादा, मॅट जरा उचलून दाखवा." लाजू नका. एका कोपऱ्यातून उचला, खाली बघा, पायाने दाबा, हौद्यात दोन-चार वेळा जोरात चाला. तळ दबतो, हलतो किंवा करकरतो असं वाटलं तर दुसरी गाडी बोलवा. अडवलेलं भाडं बुडेल, पण गाईच्या किमतीपुढे ते किरकोळ आहे.

✅ *आजचं काम :* आपली गाडी असेल तर आज संध्याकाळी मॅट पूर्ण काढा. तळ ठोकून बघा आणि सकाळपर्यंत उघडा वाळू द्या. शंकेची जागा दिसली तर फोटो काढून याच नंबरवर पाठवा, आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या गाडीत जनावर चढवू नका.

ज्यांच्याकडे पिकअप आहे अशा आपल्या गावच्या सभासदांना हा पाठ पुढे पाठवा.