वय झालं म्हणता? या व्यवसायात वय हेच भांडवल आहे!



"सर, पंचेचाळिशी आली, आता काय नवीन करणार?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. म्हणून या आठवड्याच्या व्हिडिओत जरा वेगळा व्यवसाय घेतला: अंत्यसंस्काराचा कार्यक्रम चालवणं. त्याचा हिशेब इथे सविस्तर देतोय.

काम काय आहे?

ब्रिटनमध्ये बरीच कुटुंबं पाद्रीऐवजी ‘सेलिब्रंट’ बोलावतात. तो घरच्यांना भेटतो, गेलेल्या माणसाची माहिती घेतो, त्याच्या आयुष्यावर भाषण लिहितो आणि अंत्यसंस्काराच्या वेळी सगळा कार्यक्रम चालवतो. त्यासाठी सरकारी लायसन्स लागत नाही. ट्रेनिंग मात्र बहुतेक जण घेतात. नर्स, शिक्षक अशी नोकरी करून चाळिशी-पन्नाशीत इकडे वळणारे बरेच. का? कारण दुःखात असलेल्या माणसासमोर शांत बसून ऐकणं हे अनुभवानेच जमतं.

हिशेब करू

उदाहरण म्हणून एका कार्यक्रमाची फी २२० पाउंड धरा. आता तास मोजा:

- जाणं-येणं आणि घरच्यांची भेट: अडीच तास
- लिखाण: ४ तास
- घरच्यांकडून मजकूर तपासून घेणं: अर्धा तास
- प्रत्यक्ष दिवस: २ तास

एकूण ९ तास. म्हणजे तासाला साधारण २४ पाउंड. पेट्रोल, फोन, टॅक्स अजून वजा करायचाय! महिन्यात दोनच कामं आली तर हातात ४४० पाउंड. तेवढ्यात घर चालत नाही. त्यात हे कार्यक्रम बहुतेक कामाच्या दिवशी, दुपारच्या आत-बाहेर असतात, त्यामुळे नऊ ते पाचची नोकरी सांभाळून करणं अवघड. पार्टटाइम काम किंवा वर्षभराची बचत हाताशी हवीच.

काम येतं कुठून?

फी कुटुंब देतं, पण काम बहुतेक वेळा अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या फर्मकडून येतं. तिथे जाहिरातीपेक्षा शब्द चालतो. वेळेवर पोचलात, ठरलेल्या वेळेत संपवलंत, नाव अचूक उच्चारलंत, तर पुढचा फोन येतो. इथे रीटेक नाही. माझ्या दुकानात चुकीचा माल गेला तर बदलून देता येतो. आईचं नाव चुकलं तर ते घर कधीच विसरत नाही.

आपल्याकडे चालेल का?

जसंच्या तसं नाही! तिकडे मृत्यूनंतर अंत्यसंस्काराला बऱ्याचदा दोन-तीन आठवडे जातात, म्हणून भेटायला आणि लिहायला वेळ मिळतो. आपल्याकडे बहुतेक वेळा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अग्नी दिला जातो. मग वेळ कुठे मिळतो? दहाव्या-तेराव्याच्या सुमारास होणाऱ्या शोकसभेला. तिथे घरचेच रडत रडत माइक सांभाळत असतात. कुणीतरी आधी भेटून, ऐकून, नीट मांडणी करणारं हवं असतं.

आणि विधीच शिकायचे असतील तर पुण्यात ज्ञान प्रबोधिनी स्त्री-पुरुषांना, जात न बघता, पौरोहित्य शिकवते. मंत्रांचा अर्थ मराठीत सांगण्यावर त्यांचा भर असतो.

पैसे मागायचे कसे?

फी पहिल्याच फोनवर, एकच आकडा, स्पष्ट सांगा. "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या" म्हणालात, तर दुःखात असलेल्या माणसावर हिशेबाचं ओझं टाकलंत. नंतर "हे एक्स्ट्रा, ते एक्स्ट्रा" तर अजिबात नको. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी वर्षातून किती कामं विनामूल्य करणार, तेही आधीच ठरवून ठेवा.

गृहपाठ

घरातल्या एखाद्या ज्येष्ठ माणसासमोर एक तास बसा. फक्त ऐका, मधे बोलू नका. मग त्यांच्या आयुष्यावर पाच मिनिटांचं भाषण लिहा आणि त्यांनाच वाचून दाखवा. "हो, हा मीच!" असं ते म्हणाले, तर तुमच्याकडे विकण्यासारखं कौशल्य आहे. नाही म्हणाले तरी तो तास वाया गेला नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत!