मुदत संपते तेव्हा काउंटरवर कोण असतं?

व्हीएमवेअर या कंपनीच्या ईएसएक्स ३.५ अपडेट २ या सर्व्हर-सॉफ्टवेअरच्या आवृत्तीत चाचणीच्या काळातला, ठरावीक तारखेनंतर काम अडवणारा मुदतीचा कोड तसाच राहून गेला होता. १२ ऑगस्ट २००८ उजाडला आणि रीतसर परवाना घेतलेल्या ग्राहकांची बंद असलेली व्हर्च्युअल मशिन्स, म्हणजे सर्व्हरवरचे आभासी संगणक, पुन्हा सुरूच होईनात. कंपनीचे नुकतेच प्रमुख झालेले पॉल मारित्झ यांनी जाहीर माफी मागितली. कोड काढायचा राहिला आणि तपासणीतही तो सापडला नाही, हे दोन्ही त्यांनी मान्य केलं.

तेव्हाचा तात्पुरता तोडगा होता, सर्व्हरचं घड्याळ मागे नेणं. हा तोडगा किती महाग पडू शकतो, ते मी एका पतसंस्थेत पाहिलं. तिथल्या संगणकांची देखभाल माझ्याकडे होती. पिग्मीच्या नोंदींसाठी पुरवठादाराने नवा प्रोग्राम बसवून दिला. तो बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती आहे, त्याला मुदत आहे, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. ऐन मार्चअखेरीस तो उघडेना. फोनवर सल्ला मिळाला, ‘तारीख मागे करा.’ काम सुरू झालं, पण पावत्या मागच्या तारखेने निघू लागल्या. पतसंस्थेत व्याज तारखेवर चालतं, रोकडही तारखेवरच जुळते. शेवटी रोखपालताईंनी एजंटांच्या वह्या समोर घेऊन एकेक नोंद दुरुस्त केली. भाजीच्या गाड्यावरून रोज पैसे भरणाऱ्या मावशींना पावतीवरची तारीख चुकीची का, हे सांगायला पुरवठादार आला नाही. तेही ताईंनाच करावं लागलं.

मुदत घालण्याला माझा विरोध नाही. कच्चा प्रोग्राम वर्षानुवर्षं वापरात राहिला, तर त्यातल्या चुकाही राहतात. अ‍ॅपलच्या टेस्टफ्लाइट या चाचणी-सेवेतली प्रत ९० दिवसांनी बंद पडते, पण ते आधीच माहीत असतं. विंडोज ७ ची रिलीज कँडिडेट, म्हणजे अंतिमच्या आधीची चाचणीची आवृत्ती, १ जून २०१० ला संपणार होती. १ मार्चपासूनच ती दर दोन तासांनी संगणक बंद करणार, हेही जाहीर होतं. कठोर, पण लपवाछपवी नाही.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. मुदतीची तारीख रोजच्या स्क्रीनवर, वापरणाऱ्याच्या भाषेत दिसू द्या. इशारा फक्त बसवणाऱ्याच्या ईमेलवर पाठवून भागत नाही. मुदत संपल्यावर नव्या नोंदी थांबवा हवं तर, पण जुन्या वाचता आणि छापता आल्याच पाहिजेत. त्या ग्राहकाच्या आहेत, तुमच्या नाहीत. आणि अंतिम आवृत्ती हाती देण्याआधी वेगळ्या संगणकावर घड्याळ वर्षभर पुढे नेऊन ती चालवून बघा.

घेणाऱ्यांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: ही आवृत्ती चाचणीची आहे का, कधी बंद पडेल, आणि त्यानंतर आमच्या नोंदी आम्हाला कशा मिळतील. चाचणीची असेल, तर जुनी वही सोडू नका. मुदत मार्चअखेरीस किंवा दिवाळीच्या गर्दीत येत असेल, तर ती बदलून घेतल्याशिवाय प्रोग्राम बसवू देऊ नका.