आठवड्यातून एकदा घ्यावयाचे औषध

मधुमेह हा आयुष्यभर सोबत करणारा विकार आहे. त्यामुळे त्याच्या उपचाराचे यश जसे औषधाच्या गुणावर, तसेच ते औषध घेण्याच्या रीतीवरही अवलंबून असते. तेव्हाच्या मद्रास शहरात ही गोष्ट फार लवकर ओळखली गेली. डॉ. एम. विश्वनाथन यांनी १९४८ साली तेथील स्टॅनली रुग्णालयात केवळ मधुमेही रुग्णांसाठी स्वतंत्र चिकित्सालय सुरू केले आणि १९५४ साली रॉयपुरम भागात या एकाच विकारासाठी रुग्णालय स्थापन केले. त्या काळी इन्शुलिन टोचून घ्यायचे म्हणजे काचेची पिचकारी आणि सुई उकळून घ्यावी लागे, कुपीतील औषध डोळ्यांनी मोजून ओढावे लागे, आणि हे सारे रोज करावे लागे. दृष्टी अधू झालेल्या वृद्धाला तर दुसऱ्याच्या मदतीवाचून गत्यंतर नसे.

१९८५ साली डेन्मार्कमध्ये इन्शुलिनचे पहिले पेन विक्रीस आले. शाईच्या पेनासारखे दिसणारे हे साधन खिशात मावत असे आणि त्यात औषधाची मात्रा मोजण्याची सोय होती. आज चेन्नईतील औषधांच्या दुकानांत अशी आधीच औषध भरलेली पेने सर्रास मिळतात. त्यांतील काही पेनांमधील औषध आठवड्यातून एकदाच टोचावयाचे असते. या अध्यायात त्यांचाच विचार केला आहे.

एवढ्या सोयीची गरज किती जणांना आहे, हे एका आकड्यावरून कळेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि चेन्नईतील संशोधकांच्या नेतृत्वाखालील देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. या पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, म्हणजे २६.४ टक्के, आढळले.

औषध आठवडाभर कसे टिकते?

साखर तोंडावाटे घेतली असता, तीच शिरेतून दिल्यावर स्रवते त्यापेक्षा अधिक इन्शुलिन स्वादुपिंडातून स्रवते. याचे कारण असे की अन्न आतड्यात पोचताच तेथून काही संप्रेरके निघतात आणि ती स्वादुपिंडाला सूचना देतात. त्यांपैकी एकाचे नाव जीएलपी-१ असे आहे. ते इन्शुलिनचा स्राव वाढवते, यकृताला साखर सोडावयास लावणाऱ्या ग्लुकागॉनला आवर घालते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि भूक मंदावते. परंतु शरीरातील एक विकर त्याचा अवघ्या काही मिनिटांत नाश करते. १९९२ साली अमेरिकेतील डॉ. जॉन एंग यांना गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत याच प्रकारचे, पण अधिक काळ टिकणारे द्रव्य सापडले. त्यावरून तयार झालेल्या औषधास २००५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ते दिवसातून दोनदा टोचावे लागे. पुढे रेणूच्या रचनेत बदल करून आठवडाभर टिकणारी ड्युलाग्लुटाइड, सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही औषधे सिद्ध झाली. टिर्झेपेटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये प्रथम कुपीच्या रूपात आले व त्याच वर्षी पेनाच्या रूपातही मिळू लागले.

ही औषधे म्हणजे इन्शुलिन नव्हे. ज्यांच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, त्यांनी इन्शुलिनच्या जागी ती घेणे धोक्याचे आहे.

पेन वापरण्याची रीत

वारंवार वापरावयाच्या पेनात औषधाची काचेची नळी, ते पुढे ढकलणारा दट्ट्या, मात्रा ठरविण्याची फिरती चकती, आकडा दाखविणारी खिडकी आणि टोकाशी दाबावयाची कळ एवढे भाग असतात. सुई निराळी मिळते व ती दर वेळी नवी लावावयाची असते. काही पेने मात्र एकाच मात्रेची असतात आणि त्यांची सुई आतच दडलेली असते. त्यामुळे आपले पेन कोणत्या प्रकारचे आहे, हे प्रथम त्यासोबतच्या माहितीपत्रकावरून समजून घ्यावे.

हात धुऊन पेनावरील औषधाचे नाव व मुदत पाहावी. औषध स्वच्छ, पारदर्शक नसेल तर ते वापरू नये. सुई लावून तिची दोन्ही टोपणे काढावीत. त्यानंतर औषधाचा थेंब सुईच्या टोकाशी येतो की नाही, हे तपासावे. काही पेनांत ही तपासणी फक्त पहिल्या वेळी, तर काहींत प्रत्येक वेळी करावी लागते. मग चकती फिरवून मात्रा ठरवावी. इन्शुलिन एककांत मोजतात, तर ही औषधे मिलिग्रॅममध्ये. म्हणून घरात दोन्ही पेने असतील तर आकड्यांची गल्लत होऊ देऊ नये.

पोट किंवा मांडी ही टोचण्याची सोयीची ठिकाणे होत. बेंबीभोवतीची दोन इंच जागा सोडावी व दर आठवड्यास जागा बदलावी. सुई सरळ आत घालून कळ पूर्ण दाबावी. खिडकीत शून्य दिसल्यावरही सुई लगेच काढू नये. पत्रकात सांगितल्याप्रमाणे पाच-सहा अंक सावकाश मोजावेत. घाई केल्यास औषधाचा काही भाग बाहेर ओघळतो. रोजच्या औषधात असा ऱ्हास झाला तर दुसऱ्या दिवशी पुढची मात्रा असते. येथे मात्र पुढील सात दिवसांची भिस्त त्या एका मात्रेवर असते, आणि ती अपुरी पडल्याची वेदना किंवा खूण काहीच जाणवत नाही.

काम झाल्यावर सुई काढून पेन टोपण लावून ठेवावे. सुई तशीच राहिल्यास औषध गळते व नळीत हवा शिरते. काही पेनांत ठरलेल्या मात्रा संपल्यावरही थोडे द्रव उरते. ते वाया जाऊ नये म्हणून पिचकारीने ओढून घेणे हा घातक काटकसरीचा प्रकार होय.

उन्हाळा, वीज आणि विसर

न उघडलेले पेन २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे. ते बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये, कारण एकदा गोठलेले औषध पुन्हा वितळले तरी निरुपयोगी ठरते. वापरात असलेले पेन साधारणपणे ३० अंशांखाली काही आठवडे चालते; सेमाग्लुटाइडच्या पेनाची ही मुदत ५६ दिवसांपर्यंत, तर टिर्झेपेटाइडच्या पेनाची ३० दिवसांपर्यंत असते. परंतु चेन्नईत मे महिन्यातील ‘अग्निनक्षत्रा’च्या दिवसांत पारा ४० अंशांच्या आसपास जातो. तेव्हा तेथे ‘खोलीतील तापमान’ या शब्दांवर विसंबून चालत नाही. डिसेंबर २०२३ मधील ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या वेळी शहराचे अनेक भाग पाण्याखाली गेले व वीज खंडित झाली. अशा प्रसंगी शीतकपाटाचे दार वारंवार उघडू नये आणि औषधाविषयी शंका आल्यास औषधविक्रेत्यास विचारावे.

रोजची सवय सहज अंगवळणी पडते. आठवड्याची मात्र विसरते. चेन्नईतील घरांत रोज एक पान फाडावयाची दिनदर्शिका असते. तिच्या पुढील चार-सहा शुक्रवारांच्या पानांवर आधीच खूण करून ठेवली, तर ते पान समोर येताच आठवण होते. तरीही मात्रा चुकलीच, तर सेमाग्लुटाइड पाच दिवसांच्या आत व टिर्झेपेटाइड चार दिवसांच्या आत घेता येते. त्याहून उशीर झाल्यास ती मात्रा सोडून द्यावी. दोन मात्रा एकदम कधीही घेऊ नयेत.

धोक्याच्या सूचना

आरंभी मळमळ, उलटी किंवा जुलाब होऊ शकतात. म्हणूनच अल्प मात्रेने सुरुवात करून ती चार-चार आठवड्यांनी वाढवितात. भाताचा नेहमीचा ढीग पानात न घेता थोडे थोडे व सावकाश खाल्ल्यास त्रास कमी होतो. कडक उन्हाळ्यात सतत उलट्या होऊन अंगातील पाणी कमी झाल्यास मूत्रपिंडांना इजा पोचू शकते. तेव्हा वैद्याला कळविण्यास विलंब लावू नये. पोटात तीव्र व न थांबणारी वेदना स्वादुपिंडाच्या दाहाची सूचक असू शकते. सोबत इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या चालू असतील, तर रक्तातील साखर फार उतरण्याचा संभव असतो. पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झालेल्यांनी, कुटुंबात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग असलेल्यांनी, तसेच गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी ही गोष्ट वैद्याला आधीच सांगावी. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या वैद्यालाही या औषधाची माहिती द्यावी.

एकाच घरातील दोघांना मधुमेह असणे आज दुर्मिळ राहिलेले नाही. तरीही नवी सुई लावूनसुद्धा एक पेन दोघांनी वापरू नये; नळीत मागे ओढल्या गेलेल्या रक्ताच्या अंशातून यकृतशोथासारखा रोग पसरू शकतो. वापरलेली सुई उघड्या केरात टाकू नये. जाड, न भोसकणाऱ्या डब्यात ती साठवावी आणि डबा भरल्यावर रुग्णालयाकडे किंवा पालिकेने नेमून दिलेल्या व्यवस्थेकडे सोपवावा. केर वेचणाऱ्याच्या हाताला त्या सुईपासून दुसरे कोणतेही संरक्षण नसते.